एवढं दळून दे

सिद्कीया राजाचं ते दहावं वर्ष. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घालून कित्येक महिने उलटले होते. अशात एका सकाळी भट्टीवाल्यांच्या गल्लीतला हशब्या जोडे न काढताच घरात शिरला.

"अहो, जोडे!" त्याची बायको अतारा ओरडली. "आत्ताच सारवलंय मी."

"तू?"

"मी म्हणजे होग्लानं. पण सांगितलं तर मीच ना?"

हशब्याने खाली पाहिलं. जोड्यांचे बंद लाल झाले होते, टाचेला धुळीचा आणि रक्ताचा चिखल लागला होता.

"वासराचं आहे," तो म्हणाला. "मंदिराच्या अंगणात उभं चिरलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि आम्ही मधून चालत गेलो. ज्यांच्या ज्यांच्या घरी आपल्या इब्री लोकांपैकी दास-दासी आहेत, ते सगळे. आजपासून त्यांना सोडलं, असा देवाला शब्द दिलाय. जो शब्द मोडेल त्याचं त्या वासरासारखं होईल."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"राजवाड्यातले होते, याजक होते, आपली गल्ली तर झाडून. नुसती चेंगराचेंगरी! शेजारच्या माकाचा नवरा बरोबर मध्यावर घसरून पडला. त्याला उठवायला थांबावं तर मागचे ढकलतायत."

अताराला हसू फुटलं. पडला असेल तो, तीन मणांचं धूड! हसता हसता तिने मान वळवली, तर दारात होग्ला उभी होती. डोक्यावर पाण्याची घागर. पाणी आणायला गेलेली पोर केव्हा परतली होती कुणास ठाऊक.

"ऐकलंस ना?" हशब्या म्हणाला. "मग घागर उतरव. मोकळी झालीस."

होग्लाने घागर उतरवली नाही. आधी अताराकडे पाहिलं.

भट्टीवाल्यांची ती गल्ली आठवणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. पहाटे त्या गल्लीत शिरलं की थंडीच्या दिवसांतही अंगावरचं पांघरूण खाली घ्यावं लागे, इतकी ऊब. आणि भट्टीच्या आधी ऐकू येई ते दगडाचं घासणं. प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात एक लांबट खोलगट दगड असे, पाट्यासारखा. त्याच्यापाशी गुडघे टेकून वरचा दगड दोन्ही हातांनी मागेपुढे ढकलायचा. दाणे फुटत, कण्या होत, कण्यांचं पीठ होई. दळणाऱ्या बाईचे गुडघे पाहिले की सांगता येई ती किती वर्षं दळते आहे. अताराचेही गुडघे एके काळी तसेच होते. लग्न होऊन आली तेव्हा हशब्याची एकच भट्टी होती आणि दळणारी ती एकटी. पुढे दुसरी भट्टी झाली, राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची भाकर यांच्याकडून जाऊ लागली, आणि होग्ला घरात आली. अताराचे गुडघे हळूहळू मऊ झाले. विहिरीवरच्या बायका तिला वाट करून देऊ लागल्या. माणूस एकदा उभं राहायला शिकलं की पुन्हा गुडघे टेकायला लाजतं.

होग्ला आली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या गावाकडे, तकोव्याला, त्या वर्षी पाऊस पडला नव्हता. तिची आई तिला घेऊन आली आणि धान्य घेऊन गेली. आमच्या नियमशास्त्रात सांगितलंय, आपल्यातल्या माणसाला सहा वर्षं राबवावं, सातव्या वर्षी सोडावं आणि रिकाम्या हाताने पाठवू नये. सातव्या वर्षी तिची आई दाराशी येऊन उभी राहिली होती. अताराने तिला बसवलं, गरम भाकर दिली आणि सांगितलं, "सुगी होऊ दे गं, मग ने." म्हातारीने भाकर पदरात बांधली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती गेली. पुढच्या सुगीलाही आली. त्यानंतर आली नाही. या गोष्टीलाही आता तीन वर्षं झाली होती.

पण त्या दिवशी अताराने कसलीच कसर ठेवली नाही. होग्लाला समोर बसवून तिच्या केसांना तेल लावलं, भांगात बोट फिरवून म्हटलं, "जा पोरी, देवाच्या नावानं मोकळी झालीस." पिशवीभर पीठ दिलं, तेलाची कुपी दिली. करडू द्यायची रीत होती, पण शहरातली करडं केव्हाच संपली होती. होग्लाने उंबऱ्यावर वाकून तिचा हात ओठांना लावला, आणि अताराला भरून आलं. सगळ्या वेशी बंद असल्यामुळे पोर गावी जाऊ शकत नव्हती. ती मासळीवेशीजवळ एका विधवेच्या घरी राहायला गेली आणि लोकर कातू लागली.

"धान्य खाणारं एक तोंड कमी झालं," हशब्या म्हणाला, "आणि देवही खूश."

अताराला त्याचं हे बोलणं आवडलं नाही. तिचं मन खरंच हलकं झालं होतं. विहिरीवर ती आपणहून विषय काढायची. "आमच्या होग्लेला आम्ही सोडलं हो. तेल लावलं, पीठ दिलं." चार दिवस, आठ दिवस. शेवटी तिची शेजारीण माका म्हणाली, "पुरे गं बाई. तुझ्यापुरतंच वासरू चिरलं होतं का?"

आणि एका सकाळी तटावरचे पहारेकरी ओरडत खाली उतरले. बाबेलवाल्यांचे तंबू उठले होते! मिसरचं सैन्य येतंय म्हणून ते त्याच्या अंगावर गेले होते. लोक गच्च्यांवर चढले. खाली खोऱ्यात विझलेल्या चुली आणि घोड्यांची लीद, बाकी काही नाही. माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडली. हशब्या म्हणाला, जिथे मंदिर आहे ते शहर पडेल कसं? माका म्हणाली, मंदिराचं राहू दे, मी गच्चीवर आकाशराणी देवीसाठी पोळ्या भाजल्या त्याचं फळ आहे हे. याजक म्हणाले आमचे होम. वासराची आठवण मात्र कुणालाच झाली नाही.

वेशी उघडल्या, खेड्यांतून गाढवांवर धान्य आलं. कित्येक महिने भुकेलेलं शहर भट्ट्यांपुढे रांगा लावून उभं राहिलं. हशब्याच्या दोन्ही भट्ट्या पेटल्या. पण दळायचं कुणी? अताराने गुडघे टेकले. पहिल्या दिवशी तळहात सोलले. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले. तिसऱ्या दिवशी माकाने भिंतीवरून डोकं काढलं.

"अगंबाई! बाईसाहेब दगडावर?"

"मग काय तुला बोलवू?"

"मला कशाला? माझ्या दोघी आल्या परत."

"आल्या म्हणजे?"

"आल्या म्हणजे आणल्या. नवऱ्यानं जाऊन हाताला धरून आणल्या. थोरली जरा ओरडली. अख्ख्या गल्लीनं आणल्यात, तूच राहिलीस."

"आणि करार?"

"तो वेढ्यापुरता होता," माका म्हणाली. "याजकांच्या घरीसुद्धा आणल्यात. ते काय नियम वाचत नाहीत?"

दुपारी जेवताना हशब्यानेही तोच विषय काढला. "मी काय म्हणतो, लोकांनी आणल्या तर आपणच वेगळे का?"

"आपण नको," अतारा म्हणाली. "मी तेल लावलंय तिला."

"बरं," तो म्हणाला. त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "मग दळ."

याच्यानंतर तिसऱ्या दिवशी होग्ला आपल्या पायांनी आली.

आमच्यात अशी रीत होती की ज्या उंबऱ्यावर आपल्याला तेल लावून मोकळं केलं, त्या उंबऱ्याचा निरोप घेतल्याशिवाय गावाची वाट धरायची नाही. निरोप न घेता गेलेला माणूस पळून गेला असं म्हणत. विधवेने तिला बजावलं होतं, "वेडी आहेस का? सगळ्या गल्लीत धरपकड चाललीय. सरळ वेशीतून निघ." पण होग्ला म्हणाली होती, "आमच्या बाई तशा नाहीत." बगलेत गाठोडं आणि ओंजळीत पाच-सहा पहिले अंजीर घेऊन ती मागच्या दाराने अंगणात आली.

"बाई, निघाले मी. तकोव्याला."

अतारा दगडापाशी बसली होती. कपाळावरचा घाम पिठाने पांढरा झालेला. उठायला गेली तर गुडघ्यातून कळ आली आणि ती पुन्हा खाली बसली.

"आईची काही खबर?"

"आहे म्हणतात. डोळ्यांनी दिसत नाही आता. चाचपडत दारापर्यंत येते म्हणे." होग्लाने अंजीर पुढे केले. "हे तुम्हाला."

अताराने अंजीर घेतले. भिंतीपलीकडे माका कुणाशी तरी मोठ्याने बोलत होती. दगडाशेजारी गव्हाची अर्धी टोपली तशीच होती. दारापुढे लोक आरडाओरड करत होते, आणि आतून हशब्या दर घटकेला विचारत होता, पीठ झालं का, पीठ झालं का.

"होग्ले," अतारा म्हणाली, "जाता जाता एवढं दळून देतेस?"

होग्लाने उन्हाकडे पाहिलं. "ऊन चढायच्या आत निघायचं होतं, बाई."

"अगं, तुझ्या हाताला किती वेळ लागतोय! अर्धी टोपली तर आहे. मग जा खुशाल."

होग्लाने गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, बाह्या वर खोचल्या आणि गुडघे टेकले. अतारा सावलीत जाऊन बसली. तिने एक अंजीर सोलून तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दगडाचा तो आवाज, तोच जुना सरळ, न अडखळणारा आवाज. तिच्या हातून तसा येतच नव्हता. देवा, किती बरं वाटलं तिला! त्या घडीला तिच्या मनात पाप नव्हतं असं म्हणायला हवं. म्हणावंसं वाटतं.

पीठ नेण्यासाठी हशब्या बाहेर आला. कोपरापर्यंत कणकेने भरलेले हात. त्याने होग्लाला पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. नुसता पाहत राहिला. विचारल्यासारखा.

अताराने नाही म्हणून मान हलवली असती तरी पुरे होतं. 'निरोप घ्यायला आलीय ती' एवढे शब्द तोंडातून निघाले असते तरी तो पाठ फिरवून आत गेला असता. माणूस तसा दुष्ट नव्हता. पण ती हातातल्या अंजिराकडे पाहू लागली.

हशब्याने उंबऱ्यावरचं गाठोडं उचललं आणि वरच्या फळीवर ठेवलं. मग मागचं दार लावलं आणि अडसर घातला.

दगड थांबला. होग्लाने हशब्याकडे पाहिलंच नाही.

"बाई?"

"गर्दी आहे गं आता," अतारा म्हणाली. "एवढी सरली की जा. मी का तुला अडवतेय?"

पोर ओरडली नाही, रडली नाही. मग दगड पुन्हा सुरू झाला. अताराच्या हातात उरलेले अंजीर होते. ते तिला खाववले नाहीत आणि टाकवलेही नाहीत.

आठवडा उलटला असेल. हशब्या जेवायला बसला तो हसतच. "तो अनाथोथ गावचा संदेष्टा वेशीपाशी पुन्हा ओरडायला लागलाय. म्हणतो, तुम्ही पोरींना दिलेला शब्द गिळलात. सुटका, सुटका म्हणत वासरातून चाललात. आता देव तुमची सुटका करतोय. म्हणजे काय, तर तुमचा हात सोडतोय! आता तुम्ही, तलवार आणि दुष्काळ, काय ते बघून घ्या." त्याने संदेष्ट्यासारखा हात वर करून दाखवला. "आणि मिसरवाले परत जाणार म्हणे, ते दुसरे परत येणार म्हणे."

तो कुणीतरी हसेल म्हणून थांबला. अतारा त्याच्या ताटात डाळ वाढत होती. मागच्या अंगणात होग्लाचा दगड चालू होता, आणि तो आवाज ऐकत दोघं जेवली.

महिन्याभरात मिसरवाले परत गेले. ते दुसरे परत आले.

दुसऱ्या वेढ्याबद्दल फार सांगवत नाही. सुरुवातीला भट्टी एक दिवसाआड पेटायची, मग आठवड्यातून एकदा. गव्हात जव आले, जवात भुसा आला. गल्ली थंड पडली. उन्हाळा सुरू व्हायच्या सुमारास हशब्या एकदा होग्लाला म्हणाला, "जा आता, खरंच मोकळी आहेस." घरात तिला द्यायला मूठभर पीठ उरलं नव्हतं तेव्हा म्हणाला.

"कुठं जाऊ?" होग्लाने विचारलं. टोमणा म्हणून नव्हे, साधं विचारलं. पंधरा दिवसांनी महामारीत तो गेला. पाणी तापवून त्याचं अंग धुतलं ते होग्लाने. अताराच्या हातात तेवढी ताकद नव्हती.

त्या दिवसांत मिळेल ते होग्ला दोघींत वाटायची. अगदी सारखं. अतारा तिच्याकडे बघत बसायची आणि तिच्या मनात शब्द गोळा व्हायचे. एकदा धीर करून म्हणाली, "होग्ले, त्या दिवशी मी..."

"दार लावू का बाई?" होग्ला म्हणाली. "धूर येतोय बाहेरून."

सिद्कीयाच्या अकराव्या वर्षी, चौथ्या महिन्यात तट फुटला.

धरलेल्या लोकांना रामा गावाशी आणलं. तिथे रस्ता दोन बाजूंना फुटत होता. एक वाट उत्तरेला, बाबेलकडे. दुसऱ्या बाजूला जैतुनाच्या झाडाखाली फाटकी माणसं बसली होती. ज्यांचं घर नाही, दार नाही, कसबही नाही अशी. त्यांना मागे ठेवणार होते, ओसाड पडलेल्या बागा आणि शेतं कसायला. मध्ये बाबेलचा एक कारकून बसला होता आणि त्याच्याजवळ आपली भाषा बोलणारा एक दुभाषा उभा होता. रांग पुढे सरकत होती. अताराचे पाय सुजले होते. कोपराखाली हात देऊन होग्ला तिला चालवत होती. तीन दिवस तोच हात होता.

"घर होतं?" दुभाष्याने विचारलं.

"होतं. भट्टी होती. दोन."

"बाबेल," तो कारकुनाला म्हणाला. मग त्याने होग्लाकडे बोट केलं. "ही मुलगी तुझी? तुझी असेल तर तुझ्याबरोबर येईल."

उत्तरेची वाट चार महिन्यांची आहे असं रांगेत कुजबुजत होते. म्हाताऱ्या पोचत नाहीत असंही. अताराला कोपराखालचा तो हात जाणवत होता, खरखरीत, घट्ट. एक 'हो' म्हटलं की तो हात बाबेलपर्यंत येणार होता. एक श्वास, दोन श्वास. मागची माणसं कुरकुरली.

"ऐकू येत नाही का, म्हातारे?"

"नाही," अतारा म्हणाली. "माझी कुणी नाही ती. तकोव्याची आहे. हिचं इथं काही नाही, घर नाही, माणूस नाही. गरीब आहे."

"खरं?" दुभाष्याने होग्लाला विचारलं.

"खरं," होग्ला म्हणाली.

कारकुनाने हाताने झाडाकडे खूण केली. कोपराखालचा हात निघाला. अतारा डगमगली आणि स्वतःच सावरली. पोर चालत गेली, ना हळू ना घाईने. झाडापाशी पोचल्यावर ती एकदा वळेल असं अताराला वाटलं होतं. ती वळली नाही. तिथे बसलेल्या एका बाईच्या कडेवरचं मूल तिने घेतलं आणि सावलीत जागा करून बसली.

माका बाबेलच्या वाटेवर, हमाथपाशी वारली. रस्त्याच्या कडेलाच तिला पुरलं. तिच्या नवऱ्याने बाबेलमध्ये कालवा खणणाऱ्या मजुरांसाठी भट्टी घातली आणि तो पुष्कळ जगला. त्याच्या घरच्या त्या दोघी दासींपैकी थोरली वेढ्यातच मेली होती. धाकटी त्याच्याबरोबर बाबेलला आली आणि पुढे एका विणकराच्या घरी गेली. मासळीवेशीजवळच्या विधवेचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. हशब्याची कबर ज्या उतारावर होती तिथे आता झुडपं माजलीत म्हणतात.

अतारा पोचली. बाबेलात कबार कालव्याच्या काठी आमच्या लोकांच्या वस्तीत मातीच्या एका खोलीत ती वीस वर्षं राहिली. एके वर्षी तांड्याबरोबर तिकडचा एक माणूस आला, पलट्या नावाचा, तेल विकणारा. तो तकोव्याचा आहे असं ऐकून अतारा काठी टेकत त्याच्याकडे गेली.

"होग्ला ना? आहे की," तो म्हणाला. "गावाच्या खालच्या अंगाला तिची द्राक्षाची बाग आहे. नवरा साधा आहे, ती मात्र खमकी. तीन पोरं. आईला शेवटपर्यंत सांभाळलं तिनं. आंधळी म्हातारी, पण हिला आवाजावरून ओळखलं म्हणे दारातच."

"आई भेटली तिला?"

"भेटली तर! चांगली चार वर्षं जगली की पुढं." त्याने अताराकडे निरखून पाहिलं. "तुमची कोण ती?"

"ओळखीची," अतारा म्हणाली. मग तिने विचारलं, "यरुशलेमचं काही सांगते का कधी?"

"नाही बुवा. शहराचं नाव निघालं की उठून जाते. तुमचं काय नाव म्हणालात? निरोप असेल तर देतो."

कालव्यातून खजुराने भरलेली एक होडी चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत अतारा तिच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "नको. तिला काही सांगू नकोस. मी भेटले होते हेसुद्धा."

तिने पलट्याला पाणी दिलं, वाटेसाठी खजूर बांधून दिले आणि रस्त्यापर्यंत त्याला पोचवायला गेली.

त्याच थंडीत ती वारली. वस्तीतल्या चार बायकांनी तिला कालव्यापलीकडच्या टेकाडावर नेलं आणि पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून ठेवलं. सगळ्यांनाच तसं ठेवत. तिने मागितलं नव्हतं.